रात्रभराच्या एमटीबी (माउंटन बाइक) शर्यतीची तयारी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हिवाळा लागला की मोर्शी-वरूडकडची तरुण मंडळी दुकानात येऊन एकच विचारतात: "रात्रभराच्या शर्यतीत नाव टाकलंय, आता सायकलला नवीन काय लावू?" आमचं उत्तर दरवेळी एकच असतं. नवीन काही लावण्याआधी आहे त्या सायकलवर अंधारात चार-पाच तास काढून या. पैसे कुठे घालायचे ते मग तुम्हालाच कळेल. बहुतेकांच्या बाबतीत ते आधी टायरमध्ये, मग दिव्यात, मग बसायला गादी असलेल्या सायकलिंगच्या चड्डीत जातात. हलकी फ्रेम, भारी गिअर हे सगळं त्यानंतर. विक्री आमचीच आहे, तरीही हे आम्ही मनापासून सांगतो.

शर्यत असते कशी

एक ठरावीक फेरी आखलेली असते. पांदण, मुरमाचा चढ, थोडा दगडगोटा, एखादा नाला. संध्याकाळी सुरुवात होते आणि ठरलेल्या वेळेपर्यंत ज्याच्या फेऱ्या जास्त तो पुढे. कुणी एकटा उतरतो, कुणी संघ करून आळीपाळीने. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या कनान खोऱ्यात १९९२ साली २४ तासांची अशी शर्यत झाली आणि तिथून हा प्रकार रुळला. स्कॉटलंडमधली स्ट्रॅथपफर तर भर जानेवारीत होते आणि तिच्या २४ तासांतले सुमारे १७ तास अंधाराचे असतात. आपल्याकडे डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो आणि उगवतो पावणेसातच्या सुमारास. म्हणजे १२-१३ तास तुम्ही फक्त दिव्याच्या भरवशावर असता.

काटा

विदर्भात शर्यत सोडून द्यावी लागते ती बहुधा काट्यामुळे. बाभूळ, हिवर, बोर हे धुऱ्यावरचे (बांधावरचे) काटे आणि पांदणीत पसरलेले सराटे. त्यात पराटी (कपाशीची झाडं) उपटलेल्या किंवा तूर कापलेल्या वावरातून वाट गेली असेल तर धसकटं टायरची कडच फाडतात. म्हणून शक्य असेल तर टायर ट्यूबलेस करून घ्या. २९ इंची, सव्वादोन रुंदीच्या टायरला ८० ते १०० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) लागतं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, त्यामुळे दिवाळीत टाकलेल्यावर जानेवारीत विसंबू नका. काटा लागला आणि हवा सुटू लागली, तर भोक खाली जमिनीकडे येईल असं चाक फिरवून थोडं थांबा. काटा लगेच उपटायची घाई नको. भोक मोठं असेल तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) भरा.

हवेचा अंदाज असा: ६५ ते ७० किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये २२ ते २८ पीएसआय, ट्यूब असेल तर ३० ते ३५. ट्यूबमध्ये याहून कमी हवा ठेवली की दगडावर रिम आपटून ट्यूबला जोडीने दोन भोकं पडतात.

ट्यूब वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण शर्यतीत खरा वेळ इथे जातो. पंक्चर झालं, नवी ट्यूब टाकली, शंभर मीटरवर पुन्हा हवा गेली. काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. हिवराचं मोडलेलं टोक बाहेरून दिसत नाही आणि थंडीने बधिर झालेल्या बोटाला लागतही नाही. त्यासाठी खिशात कापसाचा एक बोळा ठेवा. टायरच्या आतून तो हळूहळू पूर्ण फिरवा. काटा असेल तिथे कापसाचे तंतू अडकून मागे राहतात, मग दिवा जवळ धरून टोक पकडीने ओढून काढा. हे घरी अंगणात दिवे बंद करून, हातमोजे घालून आणि फक्त डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात करून पाहा. दिवसा पाच मिनिटांत होणारं काम पहिल्यांदा अंधारात केलं की पंधरा-वीस मिनिटं खातं. तीन-चार वेळा केलं की हात आपोआप चालतात.

ट्यूबचा हवा भरायचा वॉल बारीक (प्रेस्टा) असेल तर पितळी अडॅप्टर सोबत हवाच. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या वॉलला बसते, तुमच्या नाही.

उजेड

दिवे दोन लागतात. एक हँडलवर, एक हेल्मेटवर. हँडलवरचा दिवा खालून पडतो, त्यामुळे खड्ड्याची आणि दगडाची सावली दिसते, खोली कळते. हेल्मेटवरचा दिवा तुम्ही पाहाल तिकडे वळतो, म्हणून वळणावर तोच कामाचा. पण त्याच्या उजेडात सावल्या पुसल्या जातात आणि जमीन सपाट वाटते. एकट्या हेल्मेटच्या दिव्यावर उतार मारणाऱ्याला खड्डा दिसतो तो पुढचं चाक आत गेल्यावर. पहाटे धुवारी पडली किंवा पुढच्या सायकलची धूळ उडाली तर हेल्मेटचा दिवा मंद करा, तो उजेड उलटा डोळ्यांवर येतो.

खोक्यावर लिहिलेल्या ल्युमेनवर (उजेडाच्या मापावर) जाऊ नका, हिशेब करा. बहुतेक दिव्यांत १८६५० जातीचे लिथियम-आयन सेल असतात. चांगल्या प्रतीच्या एका सेलमध्ये साधारण १२ वॉट-तास ऊर्जा मावते आणि एका वॉटला ढोबळमानाने १०० ल्युमेन उजेड धरावा. म्हणजे एक सेल ३०० ल्युमेनवर चार तास चालेल. एकाच सेलच्या दिव्यावर '५००० ल्युमेन' लिहिलं असेल आणि ते खरं धरलं, तर तो पाव तासात विझला पाहिजे. तसंच या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास असते. ९९०० छापलेला सेल कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. चार सेलचा चांगला पॅक ६०० ल्युमेनवर कागदावर आठ तास चालतो. थंडी आणि बॅटरीचं वय धरून आम्ही सहाच सांगतो. चढावर वेग कमी असतो, तिथे दिवा मंद ठेवा आणि पूर्ण उजेड उतारासाठी राखा. शर्यतीच्या जागी चार्जिंगची सोय असेल असं गृहीत धरू नका. सगळं घरूनच भरून न्या आणि भरलेल्या पॅकवर रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे रात्री भरलेला कोणता नि रिकामा कोणता हा घोळ होत नाही.

रात्रीचा सराव: हे नीट वाचा

मेळघाट, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा यांच्या आसपास किंवा कुठल्याही जंगलाच्या काठाने रात्री सराव करू नका. वनविभागाचे नियम आहेतच, पण नियम नसते तरी आम्ही हेच सांगितलं असतं. वाघ-बिबट्याच्या वाटेवर रात्री एकट्याने सायकल चालवण्यात काही शौर्य नाही. गावालगतची, माहितीतली, दिवसा दोनदा फिरून पाहिलेली पांदण निवडा आणि कधीही एकट्याने जाऊ नका. घरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा. अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून गळ्यात शिटी असू द्या.

वावराच्या कुंपणाची तार अंधारात दिसत नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवायला कास्तकार तारेला विजेचा झटका देणारं झटका मशीन लावतात. कुठे कुठे बेकायदा थेट वीजही सोडलेली असते आणि ती जीव घेते. म्हणून तारेला हात लावू नका, सायकल टेकवू नका, लघुशंकेला थांबलात तरी धुऱ्यापासून लांब थांबा.

हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला लोक रात्री वावरात असतात, कारण बऱ्याच ठिकाणी वीज रात्रीची मिळते. कुणी जागलीला असतं. त्यांना पाहून दिवा खाली करा, आवाज द्या, ओळख सांगा. अंधारात अचानक डोळ्यांवर प्रखर उजेड आला तर त्यांनी चोर समजणं स्वाभाविक आहे. पांदणीत आडवे टाकलेले पाइप आणि पाणी फुटून झालेला काळ्या मातीचा चिखल यांच्याकडे लक्ष ठेवा. ही माती चाकाला लागली की फोर्कमध्ये भरते आणि चाक फिरेनासं होतं. सायकल उचलून धुऱ्याच्या गवतावरून न्या, चिखलात पायडल मारून डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) तोडू नका. कापूस वाहणाऱ्या बैलबंड्या आणि ट्रॉल्यांना बहुधा मागे दिवा नसतो, हेही ध्यानात ठेवा.

किती सराव? दहा-बारा आठवडे हाताशी हवेत. आठवड्याला एक लांब फेरी वाढवत न्यायची, शर्यतीच्या निम्म्या वेळेइतकं सलग बसता आलं की पुरे. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्मं करा. त्या दिवसांत केलेली मेहनत पायांत उरत नाही, फक्त थकवा उरतो. बीपी, साखर किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका.

पोट

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, १० ग्रॅम गुळाच्या खड्यात नऊच्या आसपास. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन खडे, इतकं सोपं आहे. महागड्या जेलची गरज नाही, पण वापरणारच असाल तर सरावात वापरून पाहा. मीठ लावलेले भाताचे लाडू, उकडलेला बटाटा, गूळ-शेंगदाण्याची चिक्की हे सगळं चालतं. गोड खाऊन पहाटे तोंड विटतं, तेव्हा खारट बटाटा फार बरा वाटतो. आदल्या रात्री सावजी नको, तर्री-पोहे शर्यत संपल्यावर खा. तेल-तिखट पोटात असताना मुरमाच्या चढावर काय होतं ते एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा तसं करत नाही.

थंडीत तहान लागत नाही, पण घाम जातच असतो. तासाला अर्धा लिटरच्या आसपास, घोट घोट पाणी प्या. नुसतं पाणी ढोसू नका, मिठाचं प्रमाण घसरतं. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंग दुखतं म्हणून शर्यतीत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला महागात पडते.

तीन ते पाच

रात्री तीन ते पहाटे पाच हा सर्वांत कठीण वेळ. शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत खाली असतं, बाहेरचा गारठाही वाढतच असतो. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, उघड्या वावरात काय असेल ते समजून घ्या. या वेळेला बरेच जण सायकल टाकून शेकोटीपाशी बसतात आणि उठत नाहीत. त्यात पायांचा दोष नसतो. अंगातली ओली जर्सी, रिकामं पोट आणि झोप यांचा तो एकत्र परिणाम असतो. म्हणून अडीचच्या सुमारास, थंडी वाजण्याआधीच, आतला कपडा बदलून कोरडा घाला. गुडघे झाका. चहा-कॉफी संध्याकाळपासून पीत बसू नका, ती याच वेळेसाठी राखा. डुलकी आवरेना तर वीस मिनिटांचा गजर लावून झोपा, त्याहून जास्त नको. आधीच्या आठवड्यात रोज तासभर जास्त झोप घेतली असेल तर ती इथे कामी येते.

सुरुवातीची घाई या वेळेला वसूल होते. पहिल्या दोन फेऱ्या अशा मारा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. लोक पुढे जातील, जाऊ द्या. चढ फार उभा असेल तर उतरून चालत जा.

मदतनीस

भाऊ, मित्र, घरची माणसं, कुणीही चालेल, पण एक माणूस रात्रभर तंबूत जागा हवा. संत्र्याची तीन रिकामी क्रेट घ्या: एकात खाणं, एकात कपडे, एकात अवजारं आणि बॅटऱ्या. कोणत्या फेरीनंतर काय द्यायचं ते कागदावर लिहून त्याच्या हाती द्या. चार वाजता स्वाराला "काय पाहिजे?" असं विचारू नये. तो "काही नको" म्हणतो आणि पुढच्या फेरीत कोसळतो. विचारू नका, सोललेलं केळं हातात द्या. संघ असेल तर पुढच्या स्वाराला अर्धा तास आधी उठवणं हे मदतनिसाचं सर्वांत मोठं काम.

सायकल आमच्याकडे कधी आणावी

शर्यतीच्या किमान दहा दिवस आधी. आदल्या संध्याकाळी आणलेली सायकल आम्ही दुरुस्त करून देऊ, पण नव्या सुट्या भागांचा तुमचा सराव होणार नाही. ब्रेकचे नवे पॅड बसायला वीसेक दमदार ब्रेक मारावे लागतात. ताणलेली चेन बदलली तर तिच्यावर ५०-६० किलोमीटर तरी झाले पाहिजेत. डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो आणि मागवायला वेळ लागतो. जादा हँगर तुमच्या अवजारांच्या क्रेटमध्ये असलाच पाहिजे, कारण तो मोडला तर दुसऱ्या कुणाचा सहसा उपयोगी पडत नाही. येताना दिवे, चार्जर आणि हेल्मेटही आणा. दिवे नीट बसवून, पूर्ण भरून किती तास चालतात ते आम्ही मोजून सांगतो. त्याचे पैसे नाहीत.

शर्यत संपल्यावर स्वतः मोटारसायकल किंवा गाडी चालवत घरी जाऊ नका, कुणाला तरी न्यायला बोलवा. सायकल धुताना बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नका. बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून न ठेवता साधारण निम्म्यावर ठेवा, पुढच्या हिवाळ्याला त्याच वापरता येतील.