घबराट, घबराहट आणि काळजी : इंदूरची पार्श्वभूमी

दूरच्या युद्धाच्या किंवा साथीच्या बातम्यांनी जीव कासावीस झाला की ‘बातम्या कमी पाहा’ हा सल्ला आता इंदूरच्या मराठी घरांतही सर्रास दिला जातो. हा सल्ला फार जुना नाही, कारण पूर्वी बातमीच बेताने पोहोचत असे.

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, शहराला प्लेगची धास्ती होती. त्या दिवाळीत एका स्कॉटिश नगररचनाकाराने मिरवणूक काढवली. ज्या भागांत घरांची साफसफाई चांगली होईल त्याच भागांतून ती जाईल असे त्याने आधी जाहीर केले आणि शेवटी प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळण्यात आला. घाबरलेल्या लोकांच्या हाती झाडू आला, एवढे तरी त्यातून निश्चित साधले. पुढे १९५५ मध्ये शहरात रेडिओ केंद्र सुरू झाले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बातमीपत्राच्या वेळा ठरलेल्या असत, त्यामुळे मधल्या तासांत काळजी असली तरी तिला नवे खाद्य मिळत नसे.

या विषयात सर्वांत मोठा गुंता शब्दांचा आहे आणि इंदुरात तो दुहेरी होतो. मराठीत ‘घबराट’ पसरते ती गावात, बाजारात, गर्दीत. हिंदीतली ‘घबराहट’ मात्र एकट्या माणसाच्या छातीत होते. दवाखान्यात हिंदीतून ‘घबराहट होती है’ असे सांगितले की डॉक्टर आधी नाडी पाहतात आणि ते योग्यच असते. पण घरी येऊन तीच गोष्ट मराठीत सांगताना आमच्याकडे कोणी ‘धडधड’ म्हणते, कोणी ‘धसका’, तर कोणी नुसते ‘टेन्शन’. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने १९८० मध्ये अचानक उसळणारी तीव्र भीती आणि महिनोन्‌महिने रेंगाळणारी काळजी हे दोन वेगळे विकार मानले. आपल्या बोलीत ‘धसका’ आणि ‘जिवाला घोर’ हा भेद आधीपासून होता, मात्र आरोग्याच्या सूचनापत्रकांत दोन्हींसाठी ‘चिंता’ हा एकच शब्द येतो. त्यात ‘काळजी’ची आणखी भर पडते. ‘काळजी करू नका, काळजी घ्या’ या वाक्यात पहिली काळजी सोडायची असते आणि दुसरी धरायची असते. हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, पण हिंदीत पहिलीची ‘चिंता’ होते, दुसरीचे ‘ध्यान’ होते आणि दोन्हींमधले नाते तुटते. मुळात काळजीतून करण्याजोगे काम निघाले की ती हलकी होते, हे त्या एकाच शब्दात मुरलेले आहे.

२०२० मध्ये, करोनाच्या साथीत, त्याचा प्रत्यय आला. २२ मार्चच्या संध्याकाळी राजवाड्यावर थाळ्या वाजवत गर्दी जमली. तीन दिवसांत शहरात पहिले रुग्ण सापडले आणि महिनाअखेरीस किराणा व भाजीची दुकानेही बंद करण्यात आली. ती बंदी आवश्यक होती की घाईची, यावर अजूनही दुमत आहे. माझ्या मते आजाराइतकीच ‘उद्या दूध मिळेल का’ या प्रश्नानेही लोकांची झोप उडवली. पुढे कचरागाडीवरचे कर्मचारी वाणसामानाच्या याद्या गोळा करू लागले. आमच्या गल्लीत आजी-आजोबा पाठकोऱ्या कागदावर तूरडाळ, पोहे, चहापत्ती लिहून सकाळपासून दारात उभे राहत आणि तेवढा वेळ तरी टीव्हीवरचे आकडे बघत नसत.

बातम्या दिवसातून एक-दोनदा, ठरावीक वेळीच पाहाव्यात, हा सल्ला त्याच मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून आला. त्याला आधार होता. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्याच घटनेच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण आढळला होता. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मनाच्या तक्रारींसाठी फोनवर मोफत मदत मिळू लागली.

७ मे २०२५ च्या संध्याकाळी नागरी संरक्षणाच्या सरावासाठी शहरातले दिवे मालवण्यात आले. १९७१ चा अंधार आठवणारे आमच्या इमारतीतले एक काका गॅलरीत शांत बसून होते. बाकी बहुतेक गॅलऱ्यांमध्ये मोबाइलचे उजेड लुकलुकत होते आणि गटावर एकच व्हिडिओ चौथ्यांदा येऊन पडला होता.