प्रक्रिया-बीजगणित

एकाच वेळी चालणाऱ्या आणि एकमेकींशी व्यवहार करणाऱ्या प्रक्रियांचे वर्तन चिन्हांत मांडून समीकरणांनी तपासण्याची संगणकशास्त्रातील पद्धत. टोनी होअर यांची ‘सीएसपी’ (१९७८), रॉबिन मिल्नर यांची ‘सीसीएस’ (१९८०) आणि बर्गस्ट्रा व क्लॉप यांची ‘एसीपी’ ही तिची मुख्य घराणी.

सीसीएसचा गाभा माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार पाहिलेल्याला चटकन कळेल. रुमालाखाली दोघांचे हात भेटल्याशिवाय भाव सांगता येत नाही. एकटा हात ताटकळतो. सीसीएसमधल्या प्रक्रियांतही देणे आणि घेणे एकाच क्षणी घडते, निरोप मध्ये साठवायला जागा नसते. बघ्यांना कळते ते एवढेच, की आत काहीतरी ठरले. अशा झाकल्या घटनेला मिल्नर यांनी ‘टाऊ’ हे ग्रीक अक्षर दिले.

निवडीसाठी + हे चिन्ह वापरतात; पण प ही कोणतीही प्रक्रिया घेतली तर प + प = प, शाळेतल्यासारखे २प नव्हे. खरी मेख वितरणाच्या नियमात आहे; शाळेतला तो नियम इथे चालत नाही. नाश्त्याचे दोन गाडे घ्या (टिंब म्हणजे ‘मग’; सुशीला म्हणजे चुरमुऱ्यांचा पदार्थ):

पैसे.(सुशीला + पोहे)
पैसे.सुशीला + पैसे.पोहे

दिवसभराच्या नोंदी पाहिल्या तर दोन्हीकडे त्याच दोन ओळी संभवतात. मात्र दुसऱ्या गाड्यावर पैसे घेतानाच मालकाचे ठरलेले असते; त्याने पोहे ठरवले, तर सुशीला मागणारा अडकला. म्हणून नुसत्या नोंदी जुळणे पुरेसे नाही, प्रत्येक पायरीवर पुढचे पर्यायही जुळले पाहिजेत. डेव्हिड पार्क यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘बायसिम्युलेशन’ ही कसोटी हेच तपासते.

‘पैसे मिळाल्याशिवाय माल उतरणार नाही’ आणि ‘माल उतरल्याशिवाय पैसे नाहीत’ अशी मोंढ्यात जुंपते, तशी कोंडी शोधणे हा या पद्धतीचा रोजचा उपयोग. गाजलेले उदाहरण मात्र वेगळे आहे: नीडहॅम-श्रोडर हा संगणकांच्या जाळ्यावर एकमेकांची ओळख पटवण्याचा संकेत (प्रोटोकॉल) १९७८ चा, त्यातील चोरवाट गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये दाखवली आणि पुढे सीएसपीवर आधारलेल्या ‘एफडीआर’ या साधनाने तिची तपासणी मांडली. सीसीएसमधूनच पुढे आलेल्या १९९२ च्या ‘पाय-कॅल्क्युलस’मध्ये तर संपर्काच्या वाटेचे नावच निरोपातून पाठवता येते, एकाने दुसऱ्याला तिसऱ्याचा मोबाइल नंबर द्यावा तसे.

एक उणीव मोठी आहे. हमाल पोते उतरवतो आणि मुनीम पावती लिहितो, ही दोन स्वतंत्र कामे सीसीएसमध्ये ‘आधी हे मग ते, किंवा उलट’ एवढीच उरतात. दोन्ही खरोखर एकाच वेळी झाली, हे त्या समीकरणातून निसटते. कार्ल पेट्री यांच्या १९६२ पासूनच्या जाळ्यांत (‘पेट्री नेट’ या आकृत्यांच्या पद्धतीत) ते टिकते.