‘स्लीव्ह छोटं, बायपास मोठं’ : एक खुलासा

परभणीत मावशीकडे गेलं की वजन कमी करण्यासाठी जठरावर होणाऱ्या स्लीव्ह आणि बायपास या दोन ऑपरेशनांबद्दल हेच ऐकू येतं : “बायपास लई मोठं, आतडी कापतेत. स्लीव्ह बारकं, नाही सोसलं तर पहिल्यासारखं करून देतेत.” वर्षानुवर्षं फिरणारं हे बोलणं दिशाभूल करणारं आहे आणि त्यावर विसंबून लोक निर्णय घेतात, याची मला खरंच काळजी वाटते.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून शरीराबाहेर काढतात. उरते केळ्याएवढी नळी. काढलेला भाग पुन्हा बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं. दोन्ही ऑपरेशनं सहसा दुर्बिणीतून होतात, म्हणून बाहेरच्या टाक्यांवरून आतलं काम मोजू नका.

खरा प्रश्न तुमच्या त्रासाचा आहे. मावशी दोन उशा घेऊन झोपते, तरी रात्री आंबट पाणी घशाशी येतं. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो. बायपासने बहुधा कमी होतो. मधुमेह जुना असेल तरी अनेकदा बायपासकडे कल असतो. पण गुडघ्यासाठी मेडिकलमधून रोज दुखण्याची गोळी आणणाऱ्याला बायपासनंतर पिशवी आतड्याला जोडलेल्या जागी अल्सर, म्हणजे आतून जखम, होऊ शकतो. ही सवय डॉक्टरांना आधीच सांगा. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या मात्र दोन्हींनंतर कायमच्या.