बसून खाणाऱ्या यंत्रांचा हिशेब

डिसेंबर २००७ मध्ये ‘कॉम्प्युटर’ या आयईईईच्या (इंजिनियरांच्या संघटनेच्या) मासिकात एक छोटासा लेख आला. त्यात एक साधा आलेख होता. गूगलच्या ५,००० हून अधिक सर्व्हरांवर, म्हणजे इंटरनेटची कामं करणाऱ्या संगणकांवर, सहा महिने लक्ष ठेवून काढलेला. कोणतं यंत्र किती वेळ किती काम करतं, एवढंच त्यात दाखवलं होतं. पूर्ण रिकामी यंत्रं जवळपास नव्हतीच आणि जीव तोडून राबणारीही फारशी नव्हती. बहुतेक वेळ बहुतेक सर्व्हर आपल्या ताकदीच्या १० ते ५० टक्क्यांवर रेंगाळत होते. खरी मेख पुढे होती. त्या काळातला चांगला सर्व्हरसुद्धा हातात काहीच काम नसताना कमाल विजेच्या निम्मी वीज घ्यायचा. आपल्याकडे ज्याला ‘बसून खाणं’ म्हणतात, तेच.

लेखक दोन होते, दोघंही गूगलचे: लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झ्ले. डेटा सेंटरच्या (असे हजारो सर्व्हर ठेवलेल्या इमारतींच्या) विजेवर आज जी काही चर्चा होते, तिची निम्मी परिभाषा बारोसो यांच्या कामातून आली आहे. गंमत म्हणजे या माणसाची सुरुवात ना विजेतून झाली, ना इमारतींतून.

बारोसो ब्राझीलचे, जन्म १९६४ चा. रिओच्या कॅथलिक विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग शिकले आणि १९९६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएचडी झाले. मग ‘डेक’ या संगणक कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत लागले. पुढे डेक कॉम्पॅकने विकत घेतली. तिथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘पिरान्हा’ नावाचा प्रोसेसर आखला. त्या वेळी सगळ्यांचा कल एकच धिप्पाड, गुंतागुंतीचा प्रोसेसर बनवण्याकडे होता. पिरान्हात मात्र एकाच चिपवर डेकच्याच ‘अल्फा’ प्रोसेसरच्या घराण्यातले आठ साधेसुधे गाभे (कोअर) बसवायचे होते. डेटाबेससारख्या कामात प्रोसेसरचा बराच वेळ मेमरीची वाट पाहण्यात जातो, मग एक पैलवान पोसण्यापेक्षा आठ कामकरी बरे, असा हा विचार. २००० मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध झाला, पण चिप बाजारात आली नाही. २००१ मध्ये कॉम्पॅकने अल्फाचाच गाशा गुंडाळला. कल्पना मात्र मेली नाही. पाच-सहा वर्षांत सगळा उद्योग त्याच वाटेने गेला.

त्याच २००१ साली बारोसो गूगलमध्ये गेले, तेही सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं खरं वळण हेच. चिप आखणारा माणूस आता त्या चिपवर चालणारे प्रोग्रॅम लिहीत होता, आणि ते एका यंत्रावर नव्हे तर हजारोंवर पसरलेले होते. २००३ मध्ये गूगलमधले सहकारी जेफ डीन आणि होल्झ्ले यांच्यासोबत त्यांनी गूगलच्या शोधयंत्रणेचं वर्णन लिहिलं, तेव्हा तिथे १५,००० हून अधिक साधे पीसी जोडलेले होते. त्या निबंधात विजेचा हिशेब अगदी किराणा मालाच्या यादीसारखा मांडला आहे: दोन पेंटियम प्रोसेसरना ५५ वॅट, डिस्कला १०, मेमरी आणि मदरबोर्डला २५. एकूण ९०. पण पॉवर सप्लायच जेमतेम ७५ टक्के कार्यक्षम, म्हणून भिंतीतून ओढायचे १२०. अशा यंत्रांनी भरलेला एक रॅक (कपाटासारखी मांडणी) सुमारे १० किलोवॅट खायचा. म्हणजे चौरस फुटाला ४०० वॅट, आणि भाड्याने मिळणारी डेटा सेंटरं बांधलेली ७० ते १५० वॅटच्या अंदाजाने. जागा शिल्लक, वीज आणि थंडावा संपलेला.

२००५ मध्ये बारोसो यांनी आणखी स्पष्ट इशारा दिला. प्रोसेसर दर वर्षी वेगवान होतायत, पण एका वॅटमागे मिळणारं काम जागच्या जागी राहिलं, तर सर्व्हर विकत घेण्यापेक्षा तो चालवण्याची वीज महाग पडेल. ट्रान्झिस्टर लहान होत गेले की विजेची गरजही आपोआप घटते, हा जुना हिशेब नेमका त्याच सुमारास कोलमडत होता.

२००७ हे वर्ष या कथेत दाटीवाटीचं आहे. शाओबो फॅन आणि वोल्फ-डीट्रिच वेबर यांच्यासोबतच्या निबंधात त्यांनी दाखवलं, की कागदावर धरलेली कमाल वीज आणि प्रत्यक्षात एकाच वेळी लागणारी वीज यांत संपूर्ण डेटा सेंटरच्या पातळीवर जवळजवळ ४० टक्क्यांची तफावत पडते. म्हणजे त्याच इमारतीत, त्याच तारांवर, आणखी यंत्रं सुखाने बसू शकतात. आणि वर्षाच्या शेवटी तो आलेखवाला लेख.

त्या लेखात बारोसो-होल्झ्ले यांनी माणसाचं उदाहरण दिलं. आपलं शरीर दिवसभरात सरासरी १२० वॅटवर चालतं, स्वस्थ बसल्यावर ७० पर्यंत उतरतं आणि गरज पडली तर काही मिनिटं किलोवॅटच्याही वर जातं. सर्व्हरला हे का जमत नाही? प्रोसेसर त्यातल्या त्यात शहाणा निघाला. काम नसलं की तो कमाल विजेच्या ३० टक्क्यांपर्यंत खाली यायचा. मेमरीची वीज मात्र निम्म्यानेही कमी व्हायची नाही, डिस्कची फक्त चतुर्थांशाने, आणि नेटवर्क स्विचची जेमतेम १५ टक्क्यांनी. मोबाइलसारखं झोपवून टाकावं, तर तेही शक्य नाही. काम आणि माहिती हजारो यंत्रांवर मुद्दाम समान वाटलेली असते, त्यामुळे कुणालाच सलग झोप मिळत नाही. मिळतात त्या डुलक्या. म्हणून त्यांची मागणी होती ती कामाच्या प्रमाणात वीज खाणाऱ्या यंत्रांची.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. उद्योगाने आधी उचलला तो दुसराच, सोपा भाग: इमारत. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने काँग्रेसला कळवलं होतं, की २००६ मध्ये देशाची दीड टक्का वीज, सुमारे ६१ अब्ज युनिट, डेटा सेंटरांनी वापरली. त्याच सुमारास ‘पीयूई’ हा आकडा रूढ झाला: इमारतीत आलेली एकूण वीज भागिले संगणकांपर्यंत पोहोचलेली वीज. २ म्हणजे निम्मी वीज थंडाव्यात आणि तारांत गेली. गरम-थंड हवा वेगळी ठेवणं, खोली थोडी उबदार चालवणं, मोठ्या यूपीएसऐवजी प्रत्येक सर्व्हरला बारा व्होल्टची छोटी बॅटरी, असं करत गूगल १.१ च्या आसपास पोहोचलं. पण यंत्र आत फुकट बसून खात असलं, तरी पीयूई त्याला कामातच धरतो! ती त्रुटी बारोसो आणि होल्झ्ले २००९ च्या ‘द डेटासेंटर ॲज अ कॉम्प्युटर’ या पुस्तकातही मांडत होते. संपूर्ण गोदामाएवढी इमारत हाच एक संगणक समजा, हे त्या पुस्तकाचं म्हणणं.

फळ दिसायला दशक गेलं. २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरांचं काम सुमारे ५५० टक्क्यांनी वाढलं, वीज मात्र फक्त ६ टक्क्यांनी. त्याच वर्षी संगणकरचनेतला मानाचा एकर्ट-मॉकली पुरस्कार बारोसो यांना मिळाला. १६ सप्टेंबर २०२३ ला, वयाच्या ५९ व्या वर्षी, ते गेले.

तोवर चॅटजीपीटी येऊन जवळपास दहा महिने झाले होते. एआयची मॉडेलं शिकवणारे जीपीयू (एकाच वेळी असंख्य हिशेब करणाऱ्या चिपा) बसून खात नाहीत, आठवडेच्या आठवडे पूर्ण ताकदीने राबतात आणि त्याच प्रमाणात खातात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांना सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज लागली, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढे जाईल. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या ज्या इमारती उभ्या राहतायत, त्यांच्या पीयूईला कोकणपट्टीचा दमट उन्हाळा भारी पडतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कोलंबिया नदीकाठच्या गार हवेत थंडाव्याची जी युक्ती चालते, ती मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर तशीच चालत नाही.