होस्टा नेताय ना, मग फवारणीच्या आधी हे वाचा

नमस्कार भाऊ, ताई. नर्सरीतून कुंडीसोबत हा कागद दिलाय तो कुंडीखाली अंथरायला नाही, एकदा वाचून घ्या. दर एप्रिलला आम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो येतात, कडेने तपकिरी झालेलं पान आणि खाली एकच ओळ, "पानं जयी गयात (जळून गेली) भाऊ, कोणतं औषध मारू?" आणि बहुतेक वेळा आमचं उत्तर असतं की कोणतंच नको, आधी कुंडी उचला तिथून.

होस्टा म्हणजे मोठ्या पानांचं शोभेचं झाड, मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. झाडांच्या सावलीत, ओलसर जागी वाढणारा. तिकडे हिवाळा आला की वरचा सगळा पाला वाळून जातो, जमिनीत गड्डा झोपतो आणि थंडी सरली की नवे कोंब काढतो. ह्या झोपेला त्याला ४-५ डिग्रीची थंडी लागते आणि तीही एक-दोन रात्री नाही, चांगले सहा-आठ आठवडे. आपल्याकडे जळगाव-भुसावळला जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली येतो खरा पण दुपारी परत स्वेटर काढायची वेळ. तिकडे सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडे दवबिंदू गोठतात तेवढं सोडा. आणि मग मे हीट, ४४-४५. म्हणजे झाडाला थंडीत नीट झोप नाही आणि उन्हाळ्यात बसायला जागा नाही. रोपाला "काहीतरी रोग लागला" असं वाटतं तेव्हा निम्म्याहून जास्त गोष्ट इथेच असते हे आधी मनात ठेवा.

आता पान हातात धरा आणि बिघाड नेमका कुठे आहे ते बघा.

पानाच्या मधोमध, ज्या बाजूला ऊन येतं त्याच बाजूला, कागदासारखे पांढुरके-तपकिरी डाग असतील तर ते ऊन आहे. सकाळचं ९ पर्यंतचं कोवळं ऊन चालेल, त्यानंतर सावली. गच्चीवर ५० टक्क्यांची हिरवी नेट लावून भागत नाही, खाली गच्चीचा स्लॅब तापतो तो कुंडीला भाजतो, त्यात कुंडी काळ्या प्लास्टिकची असली तर मुळं अक्षरशः उकडतात. मातीची कुंडी घ्या, उत्तरेच्या भिंतीला ठेवा आणि वरून केळीच्या वाळलेल्या पाल्याचं जाड आच्छादन द्या, केळीचा पाला आपल्याकडे मागेल तेवढा मिळतो. जळलेलं पान परत हिरवं होत नाही, पण अर्धं हिरवं असेल तर कापूही नका, ते अजून झाडाला पोसतंय.

फक्त टोकं आणि कडा करपल्या, बाकी पान ठीक, तर मग पाणी. कमी पाणी हे एक कारण, पण खान्देशात त्याहून मोठं कारण म्हणजे क्षाराचं पाणी. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर येतो ना, तोच थर मुळांशीही बसतो. आमचे एक नाना रोज प्रेमाने आरओचं वाया जाणारं पाणी होस्टाला घालत होते, की बुवा फिल्टरचं पाणी आहे, चांगलंच असणार. अहो ते तर फिल्टरने बाहेर टाकलेले सगळे क्षार असलेलं पाणी! कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तसंच, पाणी उडून जातं आणि क्षार खाली दाट होत जातात. एसीच्या पाइपमधून टपकतं ते मात्र चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाळ्यात दोनदा-तीनदा कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या, साचलेलं निघून जाईल. आणि काळी माती घालू नका कुंडीत. ती पाणी धरून बसते, वर चुनखडीची, मग पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडायला लागतो. कोकोपीट, गांडूळ खत आणि थोडी जाडी वाळू, बास.

पान धरून हलकं ओढलं आणि देठासकट सुटून हातात आलं, बुंध्याशी लिबलिबीत आणि वास मारतंय, तर मात्र खरंच रोग आहे. बुंध्यावर पांढरं कापसासारखं जाळं आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर भुईमुगाची मर बघितलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको, तीच बुरशी. गरम हवा, ओली माती, की ती खूष. गड्डा बाहेर काढा, धुवा, सडलेला भाग कडक पांढरा गाभा लागेपर्यंत ब्लेडने कापा, एक दिवस सावलीत सुकू द्या, मग नव्या मिश्रणात लावा, हवं तर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी) मिसळून. जुनी माती फेकून द्या, दुसऱ्या कुंडीत वापरू नका, ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पाणी बोटाने माती चाचपून द्या, घड्याळ बघून नाही.

पावसाळ्यात रात्रीतून पानाला गोल भोकं पडली आणि सकाळी चकाकणारी रेघ दिसली, तर गोगलगाय. होस्टा म्हणजे तिच्यासाठी पुरणपोळी. संध्याकाळी कुंडीशेजारी ओलं गोणपाट टाका, सकाळी उलटून खाली जमलेल्या वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. विषाच्या गोळ्या मिळतात दुकानात, पण घरात कुत्रं असेल तर त्या नकोच, कुत्री त्या खातात आणि मरतात. तसा होस्टाही कुत्र्या-मांजराच्या पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, तेही लक्षात असू द्या.

निळसर पानांच्या जातीबद्दल एक सांगायचं राहिलं. तो निळा रंग म्हणजे पानावरचा मेणासारखा थर आहे. आपल्याकडे काहीही झालं की निंबोळी तेल आणि शाम्पू मारायची सवय, त्याने तो थर निघून जातो आणि पान साधं हिरवं दिसायला लागतं. बोटाने पुसलं तरी जातं. मग "रोप बदलून दिलं" म्हणून आमच्याशी भांडू नका.

आता जे आम्हाला सगळ्यात जास्त घाबरवतं ते. पानावर शाई सांडून शिरांच्या कडेने पसरावी तसा रंग पसरलेला, पान जागोजागी चुरगळलेलं, जाडी कमी-जास्त. हा होस्टा व्हायरस एक्स. अमेरिकेत १९९६ मधे तो ओळखला गेला, त्याच्या आधी-नंतर असली चित्रविचित्र पानांची रोपं नवीन व्हरायटी म्हणून चक्क विकलीही गेली. औषध नाही. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना सीएमव्ही हा केळीचा व्हायरस माहितीये, बाग उपटून टाकायची वेळ येते ती, हेही त्याच जातीचं दुखणं, फरक एवढाच की केळीचा व्हायरस मावा कीड पसरवते आणि होस्टाचा आपली कात्रीच पसरवते. आजारी झाडाचा रस पात्याला लागला, तेच पातं दुसऱ्या झाडाला लावलं, झालं. म्हणून एक झाड कापून झालं की पातं आधी साबणाने धुवा, पुसा, मगच पुढचं. संशय आलेलं झाड मुळासकट जाळा किंवा पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टात नाही.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडून लोळायला लागली तर घाबरू नका, ते मेलं नाही, झोपायला निघालंय. इथे लोक कुंडी रिकामी करून मोकळे होतात. पाला वाळू द्या, पाणी कमी करा. थंडी पुरत नाही म्हणून आम्ही एक जुगाड केला होता, गड्डे धुऊन किंचित ओल्या कोकोपीटमधे, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले डिसेंबर ते फेब्रुवारी. घरात आई रोज विचारायची, हे आलं आहे का, हळद आहे का, एकदा तर चहासाठी एक तुकडा किसायलाच निघाली होती. पण पाच गड्ड्यांतले तीन मस्त फुटले. उरलेले दोन ज्या कप्प्यात होते तिथेच सफरचंदं होती, पिकणाऱ्या फळांतून वायू निघतो तो कोंबांना मारतो, हे आम्हाला नंतर कळलं. तर फळांपासून लांब.

ऑनलाइन "निळे-जांभळे-लाल होस्टा, १०० बिया" दिसतात त्या घेऊ नका. आम्हीपण फसलोय एकदा, आलेल्या बिया गोल होत्या, होस्टाचं बी काळं, चपटं, पातळ पंखाचं असतं. लाल-जांभळ्या पानांचा होस्टा तर नसतोच, देठ तेवढे काही जातींचे लालसर असतात. आणि बियांपासून आईसारखंच रोप येत नाही, गड्डा फोडूनच येतं.

एवढं सगळं वाचून "राहू दे हो" वाटलं तर तेही बरोबर आहे. होस्टाच्याच मागे नसाल, सावलीत मोठी पानंच हवी असतील, तर कॅलेडियम, ॲग्लोनिमा किंवा पीस लिली घ्या, ती आपली गरमी सोसतात आणि आमच्याकडे स्वस्तही आहेत. होस्टाच हवा असेल तर पांढऱ्या सुवासिक फुलांचा, चीनकडचा साधा हिरवा मागा, गरमीत बाकीच्यांपेक्षा तोच जास्त तग धरतो.

दाखवायला आणाल तेव्हा तोडलेलं पान नको, कुंडीच आणा, खरं कारण बहुतेकदा मातीत असतं. फक्त शाई पसरल्यासारखे डाग असतील तर फोटोच पाठवा, कुंडी आमच्या शेडमधे आणू नका भाऊ.