दत्तक : दुरुस्त होणारे दृश्य व्यंग असलेले मूल (खानदेश)

ओठ वा टाळू दुभंगलेले, पाऊल आत वळलेले, डोळा तिरळा किंवा पापणी पडलेली, हाताला सहावे बोट असलेले, अशा बालकाला कायद्याने आपले अपत्य म्हणून स्वीकारणे. ही व्यंगे पाहताक्षणी नजरेत भरतात, परंतु योग्य वेळी उपचार झाल्यास पूर्णतः किंवा बहुतांशी दूर होतात. प्रस्तुत नोंद जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांपुरती आहे (नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला). पुतण्या किंवा भाच्याला मांडीवर घेण्याची नात्यातली चाल सर्वपरिचित असल्याने तिचे वर्णन येथे केलेले नाही.

शास्त्राधार : दत्तकासंबंधी जुन्या मुंबई इलाख्यात सर्वत्र एकच परंपरा मानली जात नसे. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूख (मयूख) या धर्मशास्त्रग्रंथाला अग्रमान होता. पुणे, अहमदनगर व खानदेश येथे मात्र मिताक्षरा व मयूख यांना न्यायालयांनी समान प्रामाण्य दिले. मिताक्षरा ही विज्ञानेश्वराची याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका साधारणपणे अकराव्या शतकाच्या अखेरची किंवा बाराव्याच्या आरंभीची मानतात. मयूख सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला असून त्याचा कर्ता मूळच्या पैठणच्या, पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातला होता. दत्तकचंद्रिका या दत्तकविषयक ग्रंथाचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. ती कुबेराच्या नावावर असली तरी काही अभ्यासक ती अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये रचली गेल्याचे मानतात. खानदेशच्या संदर्भात तिला गौण समजणे योग्य ठरेल.

दत्तक मूल कसे असावे, यासंबंधी मनुस्मृती (९·१६८) ते ‘सदृश’ असावे असे म्हणते. मनुस्मृतीच्या टीकाकारांपैकी मेधातिथीने (सुमारे नववे शतक) हे सादृश्य कुळाला साजेशा गुणांचे मानले, तर कुल्लूकाने (बारावे ते पंधरावे शतक यांदरम्यान, मतभेद आहेत) ते जातीचे मानले. निबंधकारांचा (धर्मशास्त्रावरील संकलनग्रंथांच्या कर्त्यांचा) कल दुसऱ्या अर्थाकडे असला, तरी मूळ वचनाला मेधातिथीचा अर्थ अधिक जवळचा वाटतो. चेहऱ्यामोहऱ्याला या दोन्ही अर्थांत जागा नाही.

शारीरिक व्यंगाची चर्चा शास्त्रात येते ती प्रामुख्याने वारसाच्या प्रकरणात. याज्ञवल्क्याने (२·१४०) पांगळा, आंधळा, असाध्य रोगाने ग्रस्त इत्यादींना वाटणीतून वगळून फक्त पोषणाचा हक्क दिला. हे वचन कठोर आहे, यात शंका नाही. व्यंगाच्या धास्तीमागे जुन्या घरांत मालमत्तेचा हा विचारही असणे संभवते, कारण दत्तक बहुधा वतन व शेती चालवण्यासाठीच घेतला जाई. मात्र याच वचनावरील मिताक्षरेचे विवेचन फारसे उद्धृत होत नाही. वाटणी झाल्यानंतरही औषधादी उपायांनी दोष दूर झाला, तर विभागणीनंतर जन्मलेल्या पुत्राप्रमाणे त्या व्यक्तीला भाग मिळतो, असे विज्ञानेश्वर स्पष्ट म्हणतो. बरे होणारे व्यंग आणि कायमचे व्यंग यांत खानदेशात प्रमाण असलेल्या ग्रंथाने इतक्या पूर्वी फरक केला होता, ही बाब महत्त्वाची आहे. वाटणीच्या नियमावरून दत्तकाच्या पात्रतेसंबंधी सरळ निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे होईल.

पुढे १९२८ च्या अधिनियमाने मिताक्षरा मानणाऱ्या कुटुंबांत जन्मजात वेड वा जडत्व सोडून इतर व्यंगांमुळे येणारी वारसाची अपात्रता रद्द झाली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने (कलम २८) रोग, दोष वा विकृती यांवरून कोणालाही वगळण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमात मुलाच्या शरीरासंबंधी कोणतीही अट नाही. हा अधिनियम अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे भिल्ल, पावरा आदी समाजांत जमातीची रूढी चालते. आदिवासीबहुल नंदुरबारात ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ सर्व धर्मीयांना व जमातींना खुला आहे.

व्यंगे व उपचार : दुभंगलेल्या ओठाबद्दल महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा समज खानदेशातही आहे. गरोदर बाईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली की बाळाचा ओठ कापला जातो, असे म्हणतात. वास्तविक ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. पुष्कळदा तेव्हा दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. या समजामुळे सारा दोष आईवर येतो आणि काही वेळा ती बाळ सोडून देण्यापर्यंत जाते. म्हणून तो निरुपद्रवी म्हणता येत नाही.

ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या वयात व टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत करतात. त्यासाठी आधी वजन वाढावे लागते, आणि खरी कसोटी तिथेच असते. टाळू दुभंगलेल्या बाळाला ओढून पिता येत नाही; दूध नाकावाटे परत येते. बाळाला जवळजवळ बसते धरून, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजून, मध्येच थांबून ढेकर काढावी लागते. एका पाजण्याला अर्धा तास सहज जातो. अनेक बाळे सांभाळणाऱ्या संस्थेपेक्षा एका घरात हे चांगले जमते. ‘आधी ऑपरेशन होऊ द्या, मग पाहू’ अशी भूमिका पुष्कळ कुटुंबे घेतात. बाळाच्या दृष्टीने ती उलटी आहे. टाळूनंतर वाचा-उपचार लागतात आणि हिरडीतली फट असल्यास साधारण आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास हाड भरावे लागते.

वळलेल्या पावलासाठी (क्लबफूट) पोन्सेटी पद्धत रूढ आहे. दर आठवड्याला पाय थोडा सरळ करून नवे प्लास्टर घालतात. बहुधा पाच ते सात प्लास्टर पुरतात. बहुतेक बाळांत टाचेची शीर लहानशा छेदाने मोकळी करावी लागते. नंतर दांडीला जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत फक्त झोपेत घालतात. पाय सरळ दिसू लागला की घरचे बूट बंद करतात, आणि व्यंग उलटण्याचे मुख्य कारण हेच असते. तिरळेपणा व पडलेली पापणी यांकडे नजर मंद होण्याआधी लक्ष द्यावे लागते. सहाव्या बोटाचा उपचार बहुतेक वेळा साधा असतो.

प्रक्रिया व सोयी : नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या (कारा) संकेतस्थळावर होते. सोडलेल्या बालकाला, वय दोन वर्षांपर्यंत असल्यास दोन महिन्यांत व त्यापुढे चार महिन्यांत, बाल कल्याण समिती दत्तकासाठी मुक्त घोषित करते. पालकांना वैद्यकीय अहवाल मिळतो व तो आपल्या डॉक्टरांना दाखवता येतो. येथे विवेचन केलेली मुले पुष्कळदा ‘विशेष गरजा’ या वर्गात मोडतात. हा वर्ग मोठा आहे. काही महिन्यांत नीट होणारा ओठ आणि आयुष्यभराचे अपंगत्व यांतला फरक त्याच्या नावावरून कळत नाही. म्हणून अहवाल वाचण्याआधीच हा वर्ग सरसकट नाकारणे मुलावर अन्याय करणारे आहे. दत्तक विनियम, २०२२ नुसार दोन किंवा अधिक अपत्ये असलेल्या दांपत्याला विशेष गरजा असलेले किंवा ज्याला घर मिळणे अवघड जाते असेच मूल दत्तक घेता येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) दुभंगलेले ओठ-टाळू व क्लबफूट या दोहोंचा समावेश आहे. अंगणवाडी व शाळांत तपासणी करणारी पथके अशा मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवतात. राज्याची जीवनदायी योजना (आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. तीनही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून धुळ्याचे सर्वांत जुने आहे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवरून आठवड्याला प्लास्टरसाठी खाली येणे म्हणजे मात्र प्रत्येक खेपेस एक रोज बुडणे.

दत्तक दिल्यावर दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, पाठपुराव्याचा अहवाल घेतला जातो. क्लबफूटचे बूट त्यानंतरही दोन-तीन वर्षे रात्री चढवावे लागतात, आणि हिरडीची शस्त्रक्रिया तर मूल तिसरी-चौथीत गेल्यावर येते.