धुऱ्यावरचा ताप आणि डॉक्सीची गोळी

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. धुऱ्यावरचं गवत कापायला सलग जाणारी माझी मावशी तापाने पडली. कपाळ ठणकत होतं, अंग मोडून येत होतं. गावातल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन झालं, दोन सलाईन झाल्या, पाच दिवस अँटिबायोटिकही झालं, पण ताप हलेना. शेवटी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या सिस्टरने पडद्याआड नेऊन तिचं अंग तपासलं, तेव्हा परकराच्या नाडीखाली कमरेवर एक काळी खपली दिसली. तुरीच्या दाण्याएवढी, बिडीचा चटका बसावा तशी, भोवती लालसर कडा. मावशीला विचारलं, तर म्हणाली, “दुखत नाई, खाजत नाई, मंग सांगू कायले?”

त्या खपलीने निदानाचा अर्धा रस्ता दाखवला. आजार होता स्क्रब टायफस. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात त्याचे रुग्ण आढळले, तेव्हापासून हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावर आहे. मृगात शेतात दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा सगळ्यांना माहीत असतो. तो निरुपद्रवी, पण त्याच्या जवळच्या गोतावळ्यातला एक सूक्ष्म जीव गवतात, झुडपांत, उंदरांच्या बिळांजवळ राहतो. त्याची अळी, म्हणजे चिगर, इतकी बारीक की चावली तरी कळत नाही. तिच्या लाळेतून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जंतू शरीरात शिरतो आणि साधारण सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो. पावसाळा सरताना, निंदण आणि गवतकापणीच्या दिवसांत रुग्ण वाढतात ते यामुळेच. खपली प्रत्येकाला सापडत नाही; काख, जांघ, छातीखाली, कानामागे, मुद्दाम शोधावी लागते.

मावशीचं आधीचं अँटिबायोटिक फुकट का गेलं? हा जंतू आपल्या पेशींच्या आत घर करतो. पेनिसिलिन आणि त्याच्या नात्यातली औषधं जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतात. या जंतूवर ती चालतच नाहीत. इथे लागते डॉक्सीसायक्लिन.

डॉक्सी ही टेट्रासायक्लिन कुळातली, आणि या कुळाचं मूळ मातीत आहे. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंमुळे. 1948 मध्ये बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने अशाच एका जिवाणूपासून मिळवलेलं ऑरिओमायसिन हे या कुळातलं औषध जगापुढे आणलं. तो जिवाणू अमेरिकेतल्या मिसुरीमधल्या एका शेताच्या मातीतला होता. त्याच कुळातली सुधारित डॉक्सीसायक्लिन 1967 मध्ये अमेरिकेत वापरात आली.

ती काम कशी करते, ते तिफणीवरून सांगतो. पेरताना चाडं, म्हणजे तिफणीचं दाणे सोडायचं तोंड, मातीने बुजलं तर बैल चालतात, तिफण चालते, पण दाणा खाली पडत नाही. जंतूच्या शरीरातही प्रथिनं तयार करणारं एक यंत्र असतं, त्याला रायबोसोम म्हणतात. डॉक्सी नेमकी त्याच्या तोंडाशी जाऊन बसते. नवा कच्चा माल आत येत नाही, प्रथिनं बनत नाहीत, जंतूची वाढ थांबते. डॉक्सी चरबीत सहज विरघळते, म्हणून ती आपल्या पेशींच्या आतपर्यंत पोचते. पण जंतू थांबतो म्हणजे लगेच मरतो असं नाही. उरलेलं काम आपल्या प्रतिकारशक्तीचं. दोन दिवसांत ताप उतरतो आणि माणसं गोळ्या बंद करतात, तिथेच घात होतो. मोठ्या माणसाला बहुधा 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस देतात. नेमका हिशोब डॉक्टरांचा.

लक्षणं जुळत असतील तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर ही गोळी सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी, मेंदू धोक्यात येतात. असे अत्यवस्थ रुग्ण दवाखान्यात भरतीच करावे लागतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात अशांना डॉक्सी आणि अझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक, दोन्ही शिरेतून एकत्र दिल्याचा, एकेकटं देण्यापेक्षा जास्त फायदा दिसला.

आता गोळी घेण्याची रीत. हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण आपल्याकडे गोळी घोटभर पाण्यासोबत टाकून लगेच आडवं व्हायची सवय आहे. डॉक्सी अन्ननलिकेत अडकली तर तिथे विरघळून जखम करते. मग थुंकी गिळतानाही छातीत आग होते. जेवणानंतर, बसून, ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि निदान अर्धा तास पडायचं नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियम, पित्तावरचं पांढरं औषध, यांच्यासोबत तर अजिबात नको. लोह आणि कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी पोचत नाही. मधे दोन-तीन तास जाऊ द्यावेत. दुधाने थोडाच फरक पडतो, तरी ती पाण्यासोबतच बरी.

दुसरी गोष्ट उन्हाची. ही गोळी चालू असताना कातडी लवकर भाजते, आणि आपल्याकडचं भादव्यातलं ऊन काही साधं नसतं. डोक्याला दुपट्टा, पूर्ण बाह्यांचा सदरा, जमलं तर ते आठ दिवस शेताला सुटी. मळमळ, पातळ शौच होऊ शकते. अंगावर पुरळ उठली, चेहरा सुजला, किंवा डोकं दुखून अंधुक दिसायला लागलं, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे.

गरोदर बाईला शक्यतो अझिथ्रोमायसिन देतात. आठ वर्षांखालच्या मुलांचे दात पिवळे पडण्याची भीती जुन्या टेट्रासायक्लिनमुळे बसलेली आहे. डॉक्सीच्या थोड्या दिवसांच्या डोसने तसं होत असल्याचं दिसलेलं नाही, म्हणून स्क्रब टायफसमध्ये डॉक्टर ती मुलांनाही देतात. डॉक्टरांनी विचार करून लिहिली असेल तर आईबापाने घाबरून बंद करू नये.

आणि डेंग्यूही याच मोसमात येतो, त्यात डॉक्सीचा काही उपयोग नाही. म्हणून मावशीच्या उरलेल्या गोळ्या मागायला शेजारीण आली, तेव्हा आम्ही तिला पीएचसीत धाडलं. गोळ्या तशाही उरायच्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी ताप गेल्यावर मावशी म्हणत होती, “आता कायले खाऊ?” पण सातव्या दिवसाच्या रात्रीपर्यंत तिने प्रत्येक गोळी ओट्यावर बसून, ग्लासभर पाण्यासोबत घेतली.